आंधळा बोगदा

ऑगस्टमधली सकाळ, नऊ वाजून गेलेले, आणि पाइनवरच्या किड्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. एरवी या वेळेला फोंतसेका स्टेशनाभोवती हजार करवती एकदम चालू झाल्यासारखा गोंगाट असतो. गिऱ्हाइकाला कॉफीसुद्धा ओरडून मागावी लागते. आज आतल्या फ्रिजची घरघर अंगणात ऐकू येत होती. रेमेईने हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि पश्चिमेच्या डोंगराकडे बघत राहिली. आभाळ स्वच्छ होतं. नको इतकं स्वच्छ. समोरच्या कड्यावरची एकेक भेग मोजून घ्यावी असं.

“पोनेन्त सुटणार आज,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि आत जाऊन पाण्याचे सगळे कॅन काठोकाठ भरून ठेवले. पश्चिमेचा हा कोरडा वारा एकदा सुटला, की भट्टीचं दार कुणीतरी उघडं टाकून गेल्यासारखं होतं.

रेमेई साठीची. बुटकी, दणकट, केस पुरुषासारखे कापलेले, आवाज मात्र बारीक. तिचा जन्मच या लोहमार्गावरचा. आई फाटकवाली होती. गाडी यायच्या वेळेला तिने फाटक पाडलं आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. गाडी येऊन गेली तरी फाटक उघडेना, म्हणून पलीकडे खोळंबलेला गाडीवान शिव्या देत चौकीत डोकावला, तर आत मूल रडत होतं. तो गाडीवान पुढे तिचा धर्मपिता झाला.

बाप मकारी, गँगमन. रोज पहाटे खांद्यावर पहार टाकून निघायचा. रुळांचे खिळे ठोकून बघायचा, खडी सारखी करायचा, बोगद्यांच्या भिंतींवर हात फिरवायचा. माणसांशी तो फारसा बोलत नसे, पण बोगद्यांबद्दल मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसा बोलायचा. हा रडका, कायम गळतो. तो रागीट, त्याच्या वाटेला जाऊ नये.

“दोन तोंडांचा बोगदा श्वास घेतो, पोरी,” तो सांगायचा. “एका तोंडाने ओढतो, दुसऱ्याने सोडतो. कुठून ओढतोय ते बघितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. माझा जोडीदार टाकून बसला. इंजिनाचा धूर आत होता. दमलो म्हणून जरा टेकला, तो टेकलाच.”

रेमेई नऊ वर्षांची असताना स्टेशनापलीकडचा एक बोगदा मधोमध ढासळला. मालगाडी तासाभरापूर्वीच जाऊन गेली होती, त्यामुळे कुणी मेलं नाही. मेली ती रेल्वे. वरच्यांना निमित्त हवंच होतं. दुरुस्ती झाली नाही, गाड्या थांबल्या, मग एक दिवस माणसं येऊन रूळही उपटून घेऊन गेली. मकारी त्यानंतर बावीस वर्षं जगला. खुर्ची मात्र रोज त्या मोकळ्या पट्ट्याकडे तोंड करूनच टाकायचा.

ढासळलेल्या बोगद्याचं एक तोंड गाडलं गेलं, दुसरं उरलं. त्याला लोक आंधळा म्हणू लागले. त्या तोंडाला लोखंडी फाटक बसलं, कुलूप लागलं आणि पाटी आली: छत कोसळण्याचा धोका, आत जाऊ नये. मकारीने मुलीला शपथ घातली होती. “सगळ्या बोगद्यांत जा, त्याच्यात नाही. त्याने एकदा घास घेतलाय. त्याला चव कळलीय.”

पुढे पुष्कळ वर्षांनी त्या पट्ट्यावर सायकलींची वाट झाली. पठारापासून एब्रो नदीपर्यंत पन्नास किलोमीटर डोंगरातून उतरत जाणारी. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, आणि औषधालासुद्धा मोटार नाही. आंधळ्या बोगद्यापाशी वाट उजवीकडे वळून डोंगराला वळसा घालते आणि दोनशे पावलांवर सान रोकच्या लांब बोगद्यात शिरते. रेमेईने पडीक स्टेशन झाडूनपुसून तिथे खाण्यापिण्याचं दुकान टाकलं, तेव्हा गावातले हसले होते. “गाडीची वाट बघून थकलीस, आता सायकलीची बघतेस होय? उद्या गाढवांसाठी तिकीटखिडकी उघड!” पण सायकली आल्या. दर वसंतात अधिक आल्या. हसणाऱ्यांच्या सुना आता रेमेईकडे चीज नि बदाम विकायला आणून ठेवत.

बाराच्या सुमाराला वारा खाली उतरला. टेबलावरचे कागद उडाले, अंगणातली छत्री आडवी झाली. त्याच वाऱ्याबरोबर दहा सायकलवाले आले. रेऊस शहरातली निवृत्त मंडळी, सगळ्यांच्या अंगात सारखेच पिवळे शर्ट. पुढारी होते क्लिमेंत, चाळीस वर्षं शाळेचे मुख्याध्यापक; अजूनही शिट्टी गळ्यात. त्यांच्यामागे त्यांची बायको एउलालिया, बारीक चणीची, न बोलणारी. आणि टेक्ला नावाची एक जाडजूड नर्सबाई, जिने सायकलवरून उतरताच जाहीर केलं, “माझं बूड मी मागच्या पुलावर विसरले. कुणी जाऊन घेऊन या.”

रेमेईने पावावर टोमॅटो चोळून दिला, ऑलिव्ह दिले, थंड ऑम्लेट कापून दिलं, कॉफीत बर्फ घातला. मंडळी उठायला लागली तेव्हा ती क्लिमेंतजवळ गेली.

“साहेब, आज इथेच थांबा. पुढे जाऊ नका.”

“का हो? काय झालं?”

“वारा बरा नाही.”

“वारा पाठीवर आहे, बाई. सायकलवाल्याला याहून चांगलं काय?” ते हसले. “तीन वाजता खाली आमची व्हॅन येऊन थांबणार. चाळीस वर्षांत मी कुठे उशिरा पोचलेलो नाही.”

“चाळीस वर्षांत तुझ्या घरातही कुणाला बोलायची संधी मिळालेली नाही,” टेक्ला हळूच एउलालियाला म्हणाली. एउलालिया ओठ दाबून हसली. क्लिमेंतनी शिट्टी फुंकली. दहा पिवळे शर्ट एकामागोमाग एक वळणाआड गेले.

ते गेल्यावर रेमेईला चैन पडेना. भांडी धुतली, पुन्हा धुतली. एक वाजायला आला तेव्हा तिला शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या. भर दुपारी! एर्मेंगोलकाका तर या वेळेला कळप सावलीत बसवून घोरत असायचा. म्हातारा जवळजवळ पळतच उतारावरून खाली आला. टोपी नव्हती. शेळ्या त्याच्या पुढे धावत होत्या.

“बघत काय बसलीस, रेमेई? वर बघ!”

तिने वर बघितलं. पश्चिमेच्या कड्यामागून धूर उभा राहिला होता. पांढरा नाही, गवत जळतं तो धूर पांढरा. हा तपकिरी होता, खालून काळा, आणि वाऱ्याने उभ्या भिंतीसारखा पुढे झुकलेला.

“गावाचा रस्ता?” तिने विचारलं.

“गेला. आग रस्ता ओलांडून आलीय. गावातल्यांना पठारावर हलवलंय. तुला वर जाता यायचं नाही.” म्हातारा धापा टाकत होता. “मी कळप नांगरलेल्या द्राक्षमळ्यात नेतो. तिथे जळायला काही नाही. चल माझ्याबरोबर.”

“पुढे दहा माणसं गेलीत, काका.”

“गेली तर गेली! तू काय त्यांची आई आहेस?”

रेमेईने आपत्कालीन नंबर फिरवला. पलीकडची बाई म्हणाली, कळलंय, विमानं निघालीत, वाऱ्यामुळे खाली येता येत नाही, तुम्ही जागा सोडा. मग फोन मुका झाला. रेमेईने पाण्याचे दोन कॅन आपल्या बॅटरीच्या सायकलीला बांधले, एक जुनी चादर घेतली आणि दाराआडची बापाची पहार आडवी बांधली. पहार कशाला, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

“वेडी आहेस,” एर्मेंगोल ओरडला. “मकारीची पोर शोभतेस!”

मंडळी तिला दरीवरच्या उंच पुलावर सापडली. फोटो काढत होती. मागे आकाश तपकिरी झालेलं त्यांना दिसलं होतं. क्लिमेंतनी सांगितलं होतं, वादळ येतंय, पाऊस पडेल. रेमेई सायकलवरून उतरली तेव्हा राखेचा पहिला पापुद्रा एउलालियाच्या खांद्यावर येऊन बसला.

“पाऊस नाही तो,” रेमेई म्हणाली. “चला. मुकाट्याने माझ्या मागे या.”

या वेळेला कुणी वाद घातला नाही. पण पूल ओलांडून आंधळ्या बोगद्यापाशी पोचेपर्यंत सगळं बदललं होतं. वाऱ्याने पेटती सालं, पाइनची पेटती बोंडं डोक्यावरून पुढे नेऊन टाकली होती. खालच्या दरीतूनही, जिथे सान रोकचा बोगदा पलीकडे उघडतो त्या बाजूला, धुराचा दुसरा खांब उभा राहत होता. मागे आग, पुढेही आग. मधे ती सगळी आणि पन्नास वर्षं कुणी न उघडलेलं एक कुलूप.

रेमेई पळत वळणापर्यंत गेली आणि सान रोकच्या तोंडाशी उभी राहिली. वाटेवर पातळ धूर पसरला होता. तो वर जात नव्हता. जमिनीला चिकटून, सुईत दोरा ओवावा तसा सरळ बोगद्यात शिरत होता. बोगदा ओढत होता.

परत येऊन तिने पहार सोडवली आणि आंधळ्याच्या कुलपात घातली.

“हे काय चाललंय?” क्लिमेंत पुढे आले. “पाटी वाचता येते ना तुम्हाला? छत कोसळतं या बोगद्याचं!”

“कोसळेल. नाही तर नाही कोसळणार. पण याला दुसरं तोंड नाही. हा धूर ओढणार नाही.”

“आणि तो पुढचा? सातशे मीटर! बॅटरीच्या सायकलीवर दोन मिनिटं! पलीकडे व्हॅन येणार आहे!”

“पलीकडे आग आहे, साहेब. आणि आत जाल तो धूर तुमच्याबरोबरच चालेल. दोन मिनिटं तो तुम्हाला देणार नाही.”

“कॉफीवालीच्या बोलण्यावर मी बायकोला मोडक्या बिळात घालू?”

कुलूप तुटलं. फाटक इंचभर हललं, गंजलं होतं. टेक्लाने खांदा लावला तेव्हा उघडलं. आतून थंड, ओल्या मातीचा वास आला आणि वटवाघळांचा एक झोत डोक्यावरून गेला. बाकीचे आत शिरू लागले. क्लिमेंतनी शिट्टी वाजवली. कुणी थांबलं नाही. त्या शिट्टीकडे कुणी लक्ष दिलं नाही ही बहुधा त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि त्यांचा चेहरा अपमानाने पांढरा पडला.

“एउलालिया, चल. आपण जाऊ.”

एउलालिया फाटकाची सळई धरून उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली. इतकी थोडीशी, की ती हलली असं नंतर कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं.

“मी व्हॅनवाल्याला घेऊन येतो,” ते म्हणाले. “तासाभरात परत येतो. मग बघू कोण शहाणं.”

रेमेईच्या तोंडात तोपर्यंत राख गेली होती, हाताची सालटं निघाली होती, मागे पाइन फुटल्याचे आवाज यायला लागले होते. तिचा ताबा सुटला. “जायचं तर जा!” ती ओरडली. “जा एकदाचे!”

ते गेले. वळणावर मागचा लाल दिवा एकदा चमकला.

आत नऊजण आणि रेमेई, तोंडापासून तीसेक पावलांवर, जमिनीला पाठ टेकून. पुढे ढिगारा होता, दगडांचा आणि लाकडांचा, दिव्याच्या उजेडात ओला चकाकणारा. रेमेईने चादर भिजवून फाटकाला बांधली, शर्ट भिजवून सगळ्यांच्या तोंडावर ठेवायला लावले. बाहेरचा आवाज वाढत गेला. आगीला आवाज असतो हे त्यांना माहीत होतं. तो मालगाडीसारखा असतो हे माहीत नव्हतं. रेमेईला वाटलं, पन्नास वर्षांनी ती गाडी परत आली आहे आणि आता बोगद्यात शिरणार आहे.

मग पहिला स्फोट झाला.

“गॅसचा सिलिंडर?” कुणीतरी विचारलं.

“तोफगोळे,” रेमेई म्हणाली. “आजोबांच्या लढाईतले, न फुटलेले. डोंगर भरलाय त्यांनी. तापले की फुटतात.”

दुसरा फुटला, तिसरा फुटला. दरवेळी डोंगर आतून दचकायचा आणि छतावरून मातीची बारीक धार पडायची. एकदा कलिंगडाएवढा दगड ढिगाऱ्यावर आदळून खाली गडगडत त्यांच्या पायांपर्यंत आला आणि थांबला. टेक्लाने त्या दगडावर हात ठेवला, जणू नाडी बघतेय.

“माझं लग्न मोडलं तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते,” ती म्हणाली. “अर्थात तेव्हा छत माझं होतं.”

दोघंतिघं हसली, रडल्यासारखी. एउलालिया हसली नाही. ती उठून फाटकाकडे निघाली, तेव्हा रेमेईने तिला कमरेला धरलं. ती सोडवून घ्यायला लागली. एवढ्याशा बाईत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. “त्यांचा दिवा दिसतोय,” ती सांगत होती, “दिसतोय मला, ते परत आलेत.” चादरीपलीकडे लाल उजेड होता खरा. सगळा डोंगरच लाल होता. रेमेईने तिला सोडलं नाही. किती वेळ धरून ठेवलं हे तिला पुढे आठवेना. तिच्या दंडावर नखांचे व्रण महिनाभर राहिले.

साडेपाचच्या सुमाराला आवाज दूर गेला. सहाला बाहेरून कुणीतरी फाटकावर ठोकलं. अग्निशमनवाले पायी आले होते, चेहरे काळेठिक्कर. बाहेर ऊन होतं, पण ते कुठल्या तरी दुसऱ्याच देशाचं असावं तसं, तांबूस आणि पोरकं. झाडं काड्यांसारखी उभी होती. वाट तेवढी तशीच होती, सरळ, राखेने पांढरी.

क्लिमेंत सान रोकच्या मधोमध सापडले. एउलालियाला नेऊ नका, असं टेक्लाने सांगितलं, म्हणून ओळख पटवायला रेमेई गेली. त्यांना आगीचा स्पर्शही झाला नव्हता. सायकल भिंतीला नीट टेकवून ठेवलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. शेजारी ते बसले होते, पाय लांब करून, जरा दम खायला बसावं तसे. सायकलचा दिवा अजून जळत होता. रेमेईने तो विझवला.

नंतर चौकशी झाली. कुलूप कुणाच्या परवानगीने तोडलं, पर्यटकांना धोक्याच्या जागी का नेलं, असं एक पत्र तिला आलं. आणि त्याच महिन्यात गावाने तिच्या हातात फुलांचा गुच्छ देऊन फोटो काढला. तिने पत्र आणि फोटो एकाच डब्यात टाकले. मळा गाठेपर्यंत एर्मेंगोलच्या चाळीसातल्या अकराच शेळ्या वाचल्या. म्हातारा रोज स्टेशनात येऊन बसू लागला आणि कुणी विचारलं नाही तरी मेलेल्या शेळ्यांची नावं सांगू लागला. स्टेशनाचं छप्पर गेलं होतं. गावातल्यांनीच हातभार लावून ते परत घातलं.

नोव्हेंबरमध्ये एउलालिया आली. एकटी, बसने गावापर्यंत आणि पुढे चालत. तिने कॉफी घेतली, कप दोन्ही हातांत धरला. रेमेईला वाटलं, ही आता विचारणार, सायकलचं हँडल धरून त्यांना का नाही अडवलंत. त्या प्रश्नाचं उत्तर ती तीन महिने तयार करत होती, आणि ते कधीच पुरं होत नव्हतं.

“शेवटचं बोलणं तुमचं नि त्यांचं झालं,” एउलालिया म्हणाली. “काय म्हणालात तुम्ही? मला आठवत नाही. आवाज फार होता.”

खोटं बोलता आलं असतं. रेमेईने हात पुसले.

“जा एकदाचे, असं म्हणाले मी.”

एउलालियाने कप खाली ठेवला. बाहेर ढग खाली आले होते. “मीही तेच म्हणाले,” ती म्हणाली. “मनात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.” आणि मग तिने विचारलं, परतीची बस किती वाजता आहे.

रेमेई तिला बसपर्यंत सोडून आली. परतताना पाऊस सुरू झाला होता, या भागात नोव्हेंबरात पडतो तसा, सरळ आणि थंड. मुळं जळून गेलेला उतार पाणी पीत नव्हता. काळं पाणी वाटेवरून वाहत होतं. तिने छत्री मिटली आणि कान दिला. वर कुठेतरी एक दगड सुटला, थांबला, पुन्हा सुटला. त्याच्यामागे दुसरा.

स्टेशनात दोन सायकलवाले ओले होऊन आले होते. पुढे निघायची घाई होती त्यांना. रेमेईने दार लावलं, आडणा घातला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

“बसा,” ती म्हणाली. “आज कुणी कुठे जात नाही.”